बाईंच्या ताटातला अल्टरनेटर

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं दुपारनंतर कामात लक्ष लागणार नाही. जेवणाची सुट्टी चालू आहे, डबा तसाच उघडा पडलाय आणि मी दोन्ही अंगठ्यांनी टाईप करतेय, तेव्हा काना-मात्रा इकडचा तिकडे झाला तर समजून घ्या. झालं काय, ऑफिसातला एक जण म्हणाला, गाडीचा अल्टरनेटर गेलाय, आता उचलून गॅरेजात न्यावी लागणार, घरी थोडाच बदलता येतो. मी म्हटलं, येतो की. तो हसला. म्हणाला, घरी कोण बदलतं? मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे दोन वाक्यांत मावणारं प्रकरण नाहीच आहे. म्हणून इथे लिहितेय.

माझी पहिली नोकरी रोह्याला. कंपनीच्या लॅबमध्ये, शिफ्टची. राहायला खोली मिळाली अष्टमीला, म्हणजे कुंडलिकेचा पूल ओलांडला की पलीकडे. आणि खोलीबरोबर मिळाल्या घरमालकीण बाई. बाईच. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, कारण त्यांनी निम्म्या गावाला विज्ञान शिकवलं होतं. साठी ओलांडलेली, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, आवाज मात्र शेवटच्या बाकाच्याही मागे जाणारा.

खोली बघायला गेले तर बाईंनी लग्न झालंय का, स्वयंपाक करतेस का, मित्र येणार का, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. विचारलं काय? "तू बोल्टच्या डोक्याकडून बघते आहेस. तो कुठल्या बाजूला फिरवल्यावर निघतो?" मी हवेत हात फिरवून बघितला, विचार केला आणि आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, "चुकलीस. पण हात फिरवून चुकलीस. सामान घेऊन ये."

त्या दोन भाषा बोलायच्या, हे मला नंतर कळलं. दारात, बाजारात, फोनवर एकदम पुस्तकी, शाळेतली मराठी. पण गाडीचं बॉनेट उघडलं की थेट धरमतर. त्यांचं माहेर तिकडचं, खाडीकाठचं, वडील मिठागरावर कामाला होते. बॉनेट उघडायच्या आणि आतून आवाज यायचा, "काय गो बाय, आज काय झाला तुला?" हे गाडीला असायचं. मला वाटायचं मला विचारतायत. मी पहिले पंधरा दिवस "काही नाही बाई, बरी आहे" अशी उत्तरं देत होते!

गाडी म्हणजे जुनी पांढरी, चौकोनी, डब्यासारखी. सासरच्यांनी नाही, मुलानं नाही, त्यांच्या नवऱ्यानं घेतलेली. नवरा गेल्यावर वर्षभर पडवीत उभी होती. मग बाईंनी एका मेकॅनिकला बोलावलं आणि सहज विचारलं की हे काय, ते काय. तो म्हणाला, "बाई, हे तुमचं काम नाय." बाई म्हणाल्या, "बरं." आणि त्या मे महिन्याच्या सुट्टीत खांबला, हायवेवरच्या एका गॅरेजात, रोज दोन तास स्टुलावर बसून राहिल्या. वही घेऊन. आकृत्या काढत. त्या गॅरेजवाल्या म्हाताऱ्याला वाटलं सरकारी तपासणी आलीये, तो चार दिवस घाबरूनच होता. सुट्टी संपली तेव्हा बाईंनी स्वतःच्या हातानं गाडीचे ब्रेक उघडून परत बसवले होते.

रोज सकाळी त्या गाडीची हजेरी घ्यायच्या. खरंच! नवऱ्याचा जुना फुल शर्ट साडीवर चढवायचा, पदर खोचायचा आणि सुरू. "ऑइल?" डीपस्टिक बघून स्वतःच, "हजर." "पाणी?" "हजर." "ब्रेक ऑइल?" "हजर." "डावा इंडिकेटर?" गप्प. "डावा इंडिकेटर कुठाय? परवापण नव्हता हा." आणि पडवीच्या भिंतीवर खडूने गैरहजेरी.

एक शब्द त्यांच्याकडे बंद होता: "चालेल". मी म्हटलं, बाई, नळाला ही वॉशर चालेल ना? की लगेच, "चालेल नाय. चालतंय का ते बघ." दिवसातून दहा वेळा. मी अजून हा शब्द बोलताना दचकते.

आता ही गाडी बाईंना हवी कशाला, ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डिकीत एक लाकडी पेटी असायची. चुंबकं, तारा, बल्ब, भिंगं, काचेच्या नळ्या. दर गुरुवारी बाई ती पेटी घेऊन पेणच्या बाजूला जायच्या, खाडीकडच्या छोट्या छोट्या शाळांमध्ये, जिथे प्रयोगशाळा वगैरे काही नाही. कोणी बोलावलेलं नाही, कोणी पाठवलेलं नाही. जायच्या, दोन तास प्रयोग दाखवायच्या, परत. त्यातल्या दोन शाळांकडे एसटी दिवसातून एकदा जायची आणि ती पण शाळा सुटल्यावर. म्हणजे गाडी नाही तर गुरुवार नाही. साधा हिशोब.

आणि एका गुरुवारी गाडी नागोठण्याच्या अलीकडे बसली. भर उन्हात. आधी म्हणे बॅटरीचा लाल दिवा लागला, मग हॉर्न बोकडासारखा झाला, मग बंद. बाई तीन तास रस्त्याच्या कडेला. शेवटी एका टेम्पोवाल्यानं, अर्थात जुना विद्यार्थी, दोर बांधून ओढत आणली. बाई उतरल्या तेव्हा चेहरा लालबुंद आणि हातात वीज मोजायचा मल्टिमीटर. मला म्हणाल्या, "अल्टरनेटर गेलाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवलेलं सोललेल्या नारळाएवढं यंत्र. इंजिन एका रबरी पट्ट्यानं त्याला फिरवतं, ते वीज करतं, त्या विजेवर बॅटरी भरत राहते. तो गेला की गाडी बॅटरीत उरलंसुरलं खाऊन थोडी पुढे जाते आणि मग मरते.

पण खरी गडबड संध्याकाळी झाली. टेम्पोवाल्यानं बाईंच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं होतं. मुलगा पुण्याला, कॉम्प्युटरमध्ये, चाळिशीचा. मी त्यांना दादा म्हणायचे. फार भला माणूस, खोटं कशाला बोलू. आईच्या काळजीनं अर्धा झालेला. स्पीकरवर त्यांचा आवाज सगळ्या पडवीत.

"आई, तीन तास! उन्हात! काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना."

"हे पाचव्यांदा आहे. मी गाडीचे फोटो पाठवलेत एकाला. रविवारी येतो, गाडी देऊन टाकू, आणि तू माझ्याकडे चल. तिथे एकटी काय करतेस गं?"

बाईंनी मल्टिमीटरच्या वायरी गुंडाळल्या. मग म्हणाल्या, "रविवारी किती वाजता?"

"अकरापर्यंत पोचेन."

"तू माझ्या शेजारी बस. अष्टमी ते खांब आणि परत. गाडी कुठे थांबली तर मी तुझ्याबरोबर पुण्याला येते, सामान भरलेलं असेल. नाही थांबली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

तिकडून दादा म्हणाले, "आई, तू गॅरेजवाल्याला बोलावणार ना?"

"नाही."

"मग झालंच," दादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हसू नव्हतं, उलट वाईट वाटल्यासारखं होतं.

बाईंनी फोन ठेवला आणि खरंच आतून बॅग काढली. साड्या भरल्या. मी म्हटलं, बाई, आत्तापासून कशाला? म्हणाल्या, "शब्द दिलाय तर तयारी दोन्हीची पाहिजे." ती बॅग पडवीत खुर्चीवर रविवारपर्यंत होती. येता-जाता दिसायची. मला तर तिच्याकडे बघवत नव्हतं.

शुक्रवारी मी पहिली शिफ्ट करून आले तर गाडीच्या तोंडापुढे गोणपाट आणि गोणपाटावर स्टीलचं मोठं जेवणाचं ताट. स्वच्छ घासलेलं. मला वाटलं, आधी जेवणार वाटतं.

"बस समोर," बाई म्हणाल्या. "मी काढते, तू ताटात ठेव. ताट कसं वाढतात ठाऊक हाय ना? मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भात. जे काढीन त्याला मी जागा सांगेन. उद्या-परवा लावताना ताट बघितलं की कुठला बोल्ट कुठला, आपोआप कळतं. वही तेलानं भरते, ताट नाय भरत."

मी बघतच राहिले! मी इंजिनियरिंगची डिप्लोमावाली, कंपनीत आम्ही प्रत्येक गोष्टीला लेबल लावायचो, आणि या बाईनं शेकडो वर्षांची, सगळ्यांना तोंडपाठ असलेली लेबलं फुकटात वापरली होती.

"मीठ पैला," त्या म्हणाल्या आणि बॅटरीच्या काळ्या वायरीचा नट सोडवून माझ्या हातात दिला. "ताटात मीठ पैला वाढतात, गाडीतून मायनस पैला काढतात. आणि लावताना सगळ्यात शेवटी. याच्यात चुकलीस तर ठिणगी. हे आंधळ्यानं पण विसरायचं नाय."

मग वायरीचा छोटा नट: लिंबू. पट्टा ढिला करून काढला तो गोल, काळा: पापड. मग दोन बोल्ट, अल्टरनेटरला धरून ठेवणारे. एक वरचा, एक खालचा. दिसायला अगदी जुळे. "हा चटणी," वरचा माझ्या हातात. "हा भाजी," खालचा. मी इमानदारीत ठेवले. आणि शेवटी बाईंनी दोन्ही हातांनी, कुशीतून बाळ काढावं तसा, अल्टरनेटर बाहेर घेतला आणि ताटात मधोमध ठेवला. "ही भाताची मूद." मी हसून हसून लोळले. बाई नाही हसल्या. ताटावर जाळी ठेवली आणि म्हणाल्या, "आता याला कोनी हात नाय लावायचा."

शनिवारी माझी सुट्टी होती. जुना दाखवल्याशिवाय तसाच दुसरा मिळत नाही, म्हणून मूद पिशवीत घातली आणि आम्ही एसटीनं पेणला निघालो. पिशवी माझ्या मांडीवर. जड! कंडक्टर आला, बाईंना बघितलं आणि चालत्या गाडीत ताठ उभा राहिला.

"बाई! बसा बसा. पिशवीत काय वो, फणस?"

"अल्टरनेटर. काय करतो सांग बघू."

सगळी गाडी बघायला लागली. कंडक्टरनं टोपी काढली, कपाळ पुसलं. "बाई, आता कुठं... वीस वर्षं झाली."

"यांत्रिक ऊर्जेचं..." बाईंनी सुरुवात करून दिली.

"यांत्रिक ऊर्जेचं विद्युत ऊर्जेत रूपांतर!" कंडक्टर इतक्या जोरात ओरडला की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मागच्या सीटवरच्या मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "अगो, पोरगा हुशार हाय गो." टाळ्या पडल्या. आईशप्पथ, एसटीत टाळ्या!

पेणच्या दुकानात दुसरं नाटक. दुकानदारानं दुरुस्त केलेला एक अल्टरनेटर काउंटरवर ठेवला. "घ्या बाई, एकदम चालेल."

मी डोळे मिटले. मला माहीत होतं काय येणार.

"चालेल नाय. चालतोय का ते दाखव."

त्यानं टेबलावर लावून फिरवून दाखवला. बाईंनी स्वतःचा मल्टिमीटर लावला, आकडा बघितला, मग कान लावला, मग म्हणाल्या, "हा खरखरतो. दुसरा." दुसरा लावला. तिसरा लावला. चौथ्याला बाईंनी मान डोलावली. तोवर तो दुकानदार घामानं भिजला होता, पण आम्ही निघताना तो आतून पळत आला आणि म्हणाला, "बाई, माझ्याकडं कामाला येता काय?"

"गुरुवार सोडून," बाई म्हणाल्या.

रविवार. सकाळी आठ. बाई अंघोळ करून, देवाला फूल वाहून, शर्ट चढवून तयार. आज मी फक्त टॉर्च धरायची, त्या स्वतः ताटातून घेऊन लावणार. नवा अल्टरनेटर जागेवर. भाजीचा बोल्ट खाली. चटणीचा वर. हातोडीचा लाकडी दांडा घालून अल्टरनेटर बाहेर रेटला, पट्टा ताणला, अंगठ्यानं दाबून बघितला, अर्धं पेर दबला. आवळलं. लिंबू लावलं. आणि सगळ्यात शेवटी मीठ. पावणेदहा वाजले होते. बॅटरी टेम्पोवाल्यानं आदल्या रात्री इंजिन लागण्यापुरती चार्ज करून दिली होती.

चावी फिरवली. घर्रर्र, आणि इंजिन सुरू. लाल दिवा लागला आणि विझला. विझला! मी किंचाळले. मल्टिमीटर चौदा व्होल्टच्या जवळ, म्हणजे बॅटरी भरतेय. मी नाचतेय, बाई एक बोट वर करून उभ्या. "थांब."

आणि मग "कुंईईई..." असा आवाज आला, कानात सुई घातल्यासारखा. पट्टा घसरायला लागला. लाल दिवा परत. बाईंनी इंजिन बंद केलं, हात घातला. अल्टरनेटर जागेवर डुगडुगत होता. आवळलेल्या बोल्टांसकट!

परत सोडवलं, परत ताणलं, परत आवळलं. पाना पुढे सरकत नव्हता, म्हणजे बोल्ट घट्ट. चालू केलं. दोन मिनिटं गप्प, आणि "कुंईईई." दहा वाजून वीस मिनिटं. दादांचा फोन: कोलाड आलं, येतोच.

मी पडवीतल्या बॅगेकडे बघितलं. बाईंनी पण बघितलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं. मग त्या गोणपाटावर बसल्या, ताटासमोर. आता ताट रिकामं होतं, फक्त बोल्ट जिथे होते तिथे तेलाचे दोन डाग.

"शुक्रवारी तू कुठं बसली व्हतीस?" त्यांनी विचारलं.

"इथे, समोर. तुम्ही सांगितलंत ना, बस समोर."

"चटणी कुठं ठेवलीस?"

"डावीकडे." आणि मी डावीकडे बोट दाखवलं. माझ्या डावीकडे.

बाई उठल्या, येऊन माझ्या बाजूला बसल्या, आणि ताटाकडे माझ्या बाजूनं बघितलं. मग परत आपल्या जागी जाऊन बघितलं. आणि मला एकदम कळलं. वाढणारी माणसं पानासमोर उभी असतात. समोरच्याची डावी ती आपली उजवी. वाढणाऱ्याला याचा विचारच करावा लागत नाही, हात आपोआप जातो. बाई आयुष्यभर पंगतीत वाढत आलेल्या. त्यांच्या डोक्यात ताट म्हणजे जेवणाऱ्याचं, आणि मी समोर बसलेली म्हणजे वाढणारी. आणि मी? मी कधी एका पंगतीत वाढलेलं नाही! आमच्याकडे लग्नात टेबलावर भांडी मांडलेली असतात, आपली आपली प्लेट घ्या आणि रांगेत उभे राहा.

"तू जेवायला बसलीस गो," बाई म्हणाल्या. "मी तुला वाढायला बसवली व्हती."

मीठ-लिंबू आकारावरूनच ओळखू येत होते, घोळ झाला तो या दोघांचा. दोन्ही बोल्ट दिसायला जुळे, पण बाईंनी सोडवून शेजारी शेजारी उभे केले तेव्हा दिसलं: एक नखाएवढा लांब. तो लांब बोल्ट वरच्या आखूड भोकात गेला होता. भोकाच्या तळाला टेकत होता, म्हणून पान्याला घट्ट लागत होता, पण अल्टरनेटरला धरतच नव्हता. आणि खाली आखूड बोल्ट दोन आट्यांवर लटकलेला.

मला रडू फुटलं. खरंच. मी म्हटलं, बाई, माझ्यामुळे तुम्हाला पुण्याला...

"रड नको, टॉर्च हालतो," बाई म्हणाल्या. बस. एवढंच. ना राग, ना उसासा. वर म्हणाल्या, "माझी पन चूक हाय. मी इचारलाच नाय तुला वाढता येतं का." दहा वाजून पस्तीस. मीठ काढलं. दोन्ही बोल्ट अदलाबदल. त्यांचे हात! ते हात घाई करत नव्हते, पाना एकदाही घसरला नाही. गेटबाहेर गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला तेव्हा बाई मीठ आवळत होत्या.

दादा आत आले. बॅग बघितली. आईचे काळे हात बघितले. "आई..."

"बस," बाई म्हणाल्या. बोल्ट बदलल्यावर एकदा चालू करून बघायलाही त्यांना वेळ मिळाला नव्हता. चालू केली, बाहेर काढली, निघालो. दादा पुढे, मी मागे त्यांच्या सीटची पाठ धरून. माझा एक डोळा लाल दिव्याच्या जागेवर आणि दोन्ही कान पट्ट्यावर. पूल गेला. रोहा गेलं. दादा म्हणाले, "हेडलाईट लाव." लावले. "वायपर." कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र. "पंखा पण. हॉर्न वाजव." हॉर्न असा वाजला की एक सायकलवाला शेतात उतरला. दादा एकेक करून वीज खाणारं सगळं लावायला सांगत होते आणि बाई लावत होत्या, दोघं एकमेकांकडे न बघता. कोलाड आलं, हायवे लागला. लाल दिवा नाही. खांब आलं.

खांबला बाईंनी गाडी वळवून चहाच्या टपरीसमोर उभी केली. आता फक्त परत जायचं होतं. अर्धी लढाई झाली होती. आणि बाईंचा हात चावीवर गेला.

"आई," दादा म्हणाले, "बंद नको करू."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"नको ना. चालूच राहू दे. मी चहा गाडीत आणतो."

मी मागे बसून ऐकत होते. हा माणूस गाडी विकायला आला होता! आईला न्यायला आला होता! आणि आता तोच, गाडी परत सुरू झाली नाही तर काय, या भीतीनं आईचा हात धरू बघत होता.

बाई म्हणाल्या, "अरे बाबू, बंद करून परत लागली तरच बॅटरी भरली असं म्हणायचं. नाहीतर तू माझ्यावर दया केलीस असं होईल."

आणि त्यांनी चावी फिरवली. बंद.

हायवेवर ट्रक जात होते तरी मला वाटलं सगळं शांत झालंय. बाई उतरल्या, टपरीवर बसल्या आणि चहा प्यायल्या. आरामात! बशीत ओतून! दादांचा ग्लास हातात तसाच, साय धरली त्याच्यावर. ते सारखे गाडीकडे बघत होते, दवाखान्याबाहेर बसतात तसे. मी तर चहाच घेतला नाही.

मग बाई उठल्या आणि चावी दादांच्या हातात दिली. "तू मार."

"मी नको, आई."

"मार रे."

दादा बसले. चावी घातली. दोन क्षण थांबले, मला पाठमोरा त्यांचा खांदा दिसत होता, तो वर गेला आणि खाली आला. फिरवली.

अर्ध्या फिरकीत लागली. अर्ध्या!

दादा हसले. चाळिशीचा माणूस, सातवीतल्या मुलासारखा, खो खो. आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. बाई खिडकीतून वाकून म्हणाल्या, "सरक नको, तूच चालव. मला पण कधी शेजारी बसू दे." परत येताना त्या डाव्या सीटवर, हात मांडीत, नखं काळी, आणि कोलाड यायच्या आधी झोपल्या. घोरत! दादांनी वायपर बंद केले, हॉर्न वाजवला नाही, खड्डे चुकवत चुकवत इतकी हळू आणली की रिक्षा आम्हाला मागे टाकत होत्या. रोह्यात शिरताना त्यांचा फोन वाजला. गाडी घेणारा होता. दादा अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाही हो. विकायची नाहीये. नाही, किमतीचा प्रश्न नाही. गाडी कामावर आहे."

पुढच्या गुरुवारी बाई पेणला गेल्या. मी दुसऱ्या शिफ्टला होते म्हणून सकाळी गेट उघडून द्यायला मीच होते.

नंतर मी अल्टरनेटर बदलला, एकदा मैत्रिणीचा, एकदा स्वतःचा, दोन्ही वेळा घरीच. ते काही एवढं अवघड नाहीये, हे मी त्या ऑफिसातल्याला सांगणारच आहे. पण मला जे समजावता येत नाहीये ते हे, की जिंकायला फक्त गाडी चालू ठेवायची होती. कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं. समोरचा हात जोडत होता की करू नको. तरी त्या बाईनं स्वतःचं घर, स्वतःचे गुरुवार, सगळं त्या एका चावीवर परत ठेवलं आणि वर बशीतून चहा प्यायला. मी एवढ्या वर्षांत असं दुसरं माणूस बघितलं नाहीये.

तुम्ही बघितलंय का? तुमच्यासमोर कोणी, काही गरज नसताना, हातात आलेलं असं परत पणाला लावलंय? आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात, चहा पित होतात की माझ्यासारखे श्वास रोखून गाडीकडे बघत होतात? लिहा ना खाली, मी खरंच वाचणार आहे.